डोंगरमाथ्यावरचा निरोप्या

३० जुलै २०१४ ची सकाळ. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात पावसाची झड लागलेली. माळीण गावावर डोंगर खचून चिखलाचा लोंढा आला आणि बघता बघता गावाचा मोठा भाग गाडला गेला. दीडशेच्या आसपास माणसे गेली. ही बातमी बाहेर कशी पोचली हे पुष्कळ वाचकांना आठवत असेल. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाने पाहिले, तर जिथे गाव असायचे तिथे नुसता चिखल! त्याने वर्दी दिली तेव्हा कुठे तालुक्याला कळले.

फोन होता, मनोरा होता, सगळे होते. पण शेवटी निरोप नेला तो एसटीने. पुढे २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हाही महाडला पुराने वेढले होते, वीज गेली होती, मोबाइल बंद पडले होते. मोठी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

रेडिओ असता तर ही माणसे वाचली असती, असे मी म्हणणार नाही. डोंगर खचतो तेव्हा तो कोणाला वेळ देत नाही. पण आमचे खोरेही तसलेच आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर, एकच घाटरस्ता, आणि पावसाळ्यात वीज गेली की दुसऱ्या दिवशी मोबाइलचा मनोराही झोपतो, कारण त्याच्या पोटातली बॅटरी काही तासांचीच असते. माळीणनंतर आमच्या पारावर एकच विषय होता. आपल्यावर वेळ आली तर सांगायला जाणार कोण? त्यातून जे उभे राहिले त्याची ही हकिगत. सामान बहुतेक लोकांनी टाकून दिलेले. आणि कष्ट व चुका मात्र आमच्या स्वतःच्या.

पूर्वी राखणीच्या दिवसांत माळ्यावर बसलेला गडी दुसऱ्या माळ्यावरच्या गड्याला हाक द्यायचा. मध्ये टेकाड असेल तर टेकाडावरचा तिसरा गडी ती हाक ऐकून पुढे द्यायचा. बिनतारी जगात या तिसऱ्या गड्याला रिपीटर म्हणतात. पोलिसांच्या हातात असतो तसल्या वॉकीटॉकीच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की संपले. हातातला पाच वॅटचा संच सपाट रानावर पाच-सात किलोमीटर चालतो आणि मध्ये एक डोंगर आला तर दोन किलोमीटरलाही मुका होतो. पण डोंगराच्या माथ्यावर रिपीटर बसवला तर दोन्ही खोऱ्यांतल्या माणसांना तो दिसतो आणि दोघांचीही हाक तो पुढे देतो.

उंचीला किती किंमत आहे पहा. जमिनीपासून उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि चाराने गुणावे, म्हणजे लहर किती किलोमीटर जाईल याचा अंदाज येतो. चारशे मीटर उंचीच्या डोंगराचे वर्गमूळ वीस; चोक वीस म्हणजे ऐंशी किलोमीटर! आणि छातीशी धरलेल्या संचाची हीच मर्यादा जेमतेम पाच. म्हणून हजार रुपये असतील तर आधी डोंगर शोधण्यावर खर्च करावेत, वॅट वाढवण्यावर नव्हे.

टाकाऊ संचांतून रिपीटर करण्याची कल्पना आमची नाही. तिचे माहेर अमेरिका. तिथे १९५० च्या दशकात लॉस एंजेलिस भागात आर्ट जेन्ट्री नावाच्या हौशी रेडिओवाल्याने अशी यंत्रणा उभी केली. खरी लाट आली ती १९६० च्या दशकात. तिथल्या सरकारने टॅक्सी, पोलीस, अग्निशमन यांच्या संचांना हुकूम काढला की, प्रत्येकाने आकाशातली आपली जागा अरुंद करावी, म्हणजे तेवढ्याच पट्ट्यात जास्त लोक मावतील. शेताच्या वाटणीसारखेच म्हणा ना. जुने रुंद संच एका फटक्यात निकामी ठरले. गाडीच्या डिकीत बसणाऱ्या, व्हॉल्व्हच्या, वजनाने दोन माणसांनी उचलाव्यात अशा त्या पेट्या हौशी मंडळींनी चार-दोन डॉलरला उचलल्या, आतले क्रिस्टल बदलले आणि डोंगराडोंगरावर नेऊन बसवल्या. त्यांची संख्या इतकी वाढली की १९७२ साली सरकारला रिपीटरसाठी वेगळे नियम करावे लागले. पुढे १ जानेवारी २०१३ पासून तिथे पुन्हा एकदा पट्टे अरुंद झाले आणि पुन्हा एकदा चांगले संच भंगाराच्या भावाने निघाले. ज्याला सरकार जुने म्हणते ते हौशी माणसाला नवेच असते.

आमचा गुरू म्हणजे पोलीस बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले एक काका. खोऱ्यात त्यांची बहीण दिलेली. पावसाळा सोडून आठ महिने तिच्याकडे राहतात. मी आधीपासून हौशी रेडिओचा परवाना घेतलेला, पण माझा नाद रात्री दूरदेशी बोलण्याचा. रिपीटर म्हटल्यावर मी पुण्यातल्या दुकानदाराला नव्या यंत्राचा भाव विचारला. त्यात एक चांगली दुभती म्हैस आली असती. काका म्हणाले, "म्हैस कशाला, दोन शेळ्यांत भागवू. मात्र धार तुला स्वतःला काढावी लागेल."

एका टॅक्सी व्यवसायातून काढून टाकलेले गाडीतले संच एका परवानाधारक व्यापाऱ्याकडे होते. जीएम ३०० जातीचे, १९९० च्या दशकातले. यातले दोन घेतले. एक ऐकण्यासाठी, दुसरा बोलण्यासाठी. या संचाच्या पाठीला सोळा पिनांचा एक जोड असतो. आवाज आत घेणे, बाहेर काढणे, बोलण्याचे बटण दाबणे आणि "कोणीतरी हाक मारते आहे" अशी खूण मिळणे, हे सगळे त्या जोडावर मिळते. संच फोडावा लागत नाही. घेताना पाठीवरची पट्टी वाचून घ्यावी. एक प्रकार १३६ ते १६२ मेगाहर्ट्झचा असतो, दुसरा १४६ ते १७४ चा. आपल्याकडे हौशी मंडळींचा पट्टा १४४ ते १४६, म्हणजे पहिलाच प्रकार हवा. दुसरा स्वस्त मिळतो म्हणून आणला तर तो घरात शोभेला राहतो. शिवाय हे संच जुन्या, सावकाश चालणाऱ्या संगणकावरच फ्रीक्वेन्सी शिकतात. आमच्या गावच्या दूधसंस्थेच्या माळ्यावर एक पडलेला होता. तो पुसून घेतला, चालला!

मधला मेंदू अगदी साधा. हाक आली की एक ट्रान्झिस्टर आणि रिले ट्रान्समीटरचे बटण दाबतो, हाक थांबली की दोन सेकंदांनी सोडतो. कोणाचे बटण चुकून दाबलेले राहिले तर तीन मिनिटांनी सगळे बंद करणारे एक घड्याळ, आणि ठरावीक वेळाने स्टेशनचे नाव कट्ट-कडकट्टमध्ये सांगणारे एक छोटे मंडळ. हे सारे आज चार-पाचशे रुपयांच्या एका मायक्रोकंट्रोलरच्या पट्टीवर होते. माझ्या धाकट्याने शाळेच्या सुटीत ते केले.

सहा दिवसांत सगळे जोडून झाले. ओसरीवर चाचणी घेतली, उत्तम. खूश होऊन बाहेर अंगणात दोन अँटेना लावल्या आणि मुलाला संच घेऊन मळ्यात पाठवले. पाचशे पावलांवर त्याचा आवाज तुटायला लागला. हजार पावलांवर गडप. हातातला संच नुसता याहून लांब चालत होता!

काका हसले. "तुझा टेकाडावरचा गडी एकाच वेळी ऐकतोय आणि ओरडतोय. स्वतःच्या ओरडण्याने त्याच्या कानाला दडे बसलेत."

रिपीटरची सगळी विद्या इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. रिपीटर एका सुरात ऐकतो आणि दुसऱ्या सुरात बोलतो. आपल्या पट्ट्यात या दोन सुरांतले अंतर असते ६०० किलोहर्ट्झ. म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या मानाने अर्धा टक्कासुद्धा नाही. बोलणारा संच वीस वॅट फेकतो. ऐकणाऱ्याला दूरच्या संचाकडून जे मिळते ते इतके थोडे, की वीस वॅटला एकावर सोळा शून्यांनी भागा, तेवढे. शेजारी ढोल वाजत असताना पलीकडच्या आळीतली मुंगी ऐकण्यासारखे हे काम. चांगला रिसीव्हर यातला निम्मा भार स्वतः उचलतो. उरलेला आपण बाहेरून उचलायचा.

एक उपाय अंतराचा. दोन अँटेना एकीखाली एक बांधल्या तर पन्नास-पंचावन्न मीटर उंचीचा फरक लागतो. आडव्या ठेवल्या तर अडीच-तीन किलोमीटर! एवढा खांब परवडणार कोणाला? म्हणून दुसरा उपाय, गाळणीचा. तिला कॅव्हिटी म्हणतात आणि अशा चार-सहा कॅव्हिट्या मिळून जे होते त्याला डुप्लेक्सर. एक सूर जाऊ द्यायचा, शेजारचा अडवायचा. मग एकाच अँटेनावर ऐकणे आणि बोलणे दोन्ही चालते.

कॅव्हिटी दिसते कशी? वाचकहो, आपला अंघोळीचा तांब्याचा बंब आठवा. बाहेर गोल भांडे आणि आत मधोमध उभी नळी. हुबेहूब तेच! फक्त आतली नळी वरच्या झाकणाला टांगलेली आणि खालून मोकळी, लांबी साधारण अर्धा मीटर. कारण १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची पाव लांबी तेवढी भरते. नळीची लांबी आटेदार सळईने कणभर कमी-जास्त केली की सूर बदलतो. बाजारात तयार डुप्लेक्सर महाग असतो. निकाली मालात मिळाला तर सोडू नये. आम्हाला मिळाला नाही, म्हणून सरळ तांबटाकडे गेलो.

तांबटाने आधी आम्हाला वेड्यात काढले. "सहा बंब, आणि एकालाही तोटी नाही?" मग आकृती पाहून म्हातारा गंभीर झाला. दहा सेंटिमीटर व्यासाची सहा भांडी त्याने अशी ठोकली की सांधा बोटाला लागू नये. या कामात तेच महत्त्वाचे, कारण वीज आतल्या पृष्ठभागावरूनच धावते; खडबडीत सांधा म्हणजे वाटेतला चिखल. निम्मे तांबे आमच्या आत्याच्या गळक्या बंबाचे निघाले. आत्या अजून विचारते, "माझा बंब डोंगरावर काय करतो?" मी म्हणतो, "बोलतो."

सूर जुळवायला पूर्वी लाखालाखाची यंत्रे लागत. आता काही हजार रुपयांत तळहाताएवढे मोजयंत्र मिळते. ते एका मित्राकडून उसने आणले. तरी सहा बंब जुळवायला मला नऊ रात्री लागल्या. एक जुळवला की शेजारचा बिघडतो. दिवसा जुळवलेला रात्री सरकतो, कारण थंडीने नळी आखडते. जाणकार लोक मधली सळई इन्व्हार नावाच्या धातूची घेतात, ती ऊन-थंडीला फारशी दाद देत नाही. आम्ही ती नंतर बसवली. आधी बसवली असती तर चार रात्री झोप मिळाली असती. डुप्लेक्सरमध्ये शक्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा जिरतो, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. कान उघडे राहिले हे महत्त्वाचे.

तारेच्या बाबतीत मात्र कंजुषी नको. बाजारात मिळणारी बारीक आरजी-५८ जातीची तार तीस मीटर वापरली तर अँटेनापर्यंत पाव हिस्साच शक्ती पोचते. बाकीची वाटेत तार तापवते. मोबाइलच्या मनोऱ्यांवरून उतरवलेली मनगटाएवढी जाड तार भंगारवाल्याकडे वजनावर मिळते. तिच्या आतले तांबे काढून विकण्यासाठी तो ती चिरत असतो. चिरण्याआधी गाठा. अँटेना तर घरचीच. पंधरा मिलिमीटरची तांब्याची नळी, एक उभा भाग दीड मीटरचा आणि शेजारी अर्ध्या मीटरचा दुसरा, खाली जोडलेला. इंग्रजी जे अक्षरासारखा आकार दिसतो.

डोंगराच्या माथ्यावर आमच्या देवीचे छोटे ठाणे आहे. जागा गावठाणातली, वनखात्याची नाही, हे आधी तलाठ्याकडून पाहून घेतले. खोलीच्या मागच्या अंगाला पेटी बसवली. पहिल्या दिवशी दोन्ही खोऱ्यांतून आवाज खणखणीत. चौथ्या दिवशी वारा सुटला आणि रिपीटरमध्ये चणे भाजल्यासारखा आवाज सुरू झाला. वारा थांबला की थांबे, सुटला की पुन्हा चालू. मी डुप्लेक्सर सोडला, पुन्हा बांधला, संच बदलला. काहीही फरक नाही. शेवटी काका स्वतः काठी टेकत वर आले, पाच मिनिटे ऐकत उभे राहिले आणि काठीने ठाण्याच्या पत्र्यावर टकटक केले. चण्यांचा आवाज आला! गंजलेला पत्रा गंजलेल्या तारेने बांधलेला. त्या गंजलेल्या सांध्यावर ट्रान्समीटरची लहर पडली की तिचे तुकडे होऊन भलत्याच सुरात परत उडत. पत्रे नव्या स्क्रूने घट्ट केले, खांबाचे ताण लोखंडी तारेऐवजी नायलॉनच्या दोराचे केले. खर्च अडीचशे रुपये; गेलेला महिना वेगळा.

आता ज्या चुकीची मला अजून टोचणी आहे ती सांगतो. रेडिओचे सगळे सामान जुने घेतले, तशीच बॅटरीही जुनी घेतली. गावातल्या ट्रॅक्टरची उतरवलेली, एकच, आणि तिला एक सोलर पट्टी. उन्हाळाभर झकास चालले. मग आषाढ लागला. सहा दिवस सूर्य दिसला नाही. चौथ्या रात्री रिपीटर बंद पडला आणि पाचव्या दिवशी घाटात दरड आली. कोणी सापडले नाही, ही देवीची कृपा. पण खोऱ्यातले सात जण हातात संच घेऊन बटण दाबत होते आणि डोंगर गप्प होता. आमच्या सौ. त्या रात्री एवढेच म्हणाल्या, "चांगल्या दिवसात बोलायला तर शेजारीणही पुरते."

तेव्हा गणित मांडले, जे आधी मांडायला हवे होते. दोन संच नुसते जागे राहायला मिळून सुमारे पाऊण अँपिअर घेतात. चोवीस तासांचे झाले अठरा अँपिअर-तास. ट्रान्समीटर पाच अँपिअर घेतो. दिवसात एक तास बोलणे धरले तर आणखी पाच. एकूण तेवीस. सहा अंधारे दिवस म्हणजे एकशे अडतीस. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून लागतात त्याच्या दुप्पट, पावणेतीनशेच्या पुढे. घरच्या इन्व्हर्टरला लावतात तसल्या दीडशेच्या दोन बॅटऱ्या. आणि सोलर पट्ट्या उन्हाळ्याच्या हिशेबाने नव्हे, ढगांच्या हिशेबाने तिप्पट. या दोन बॅटऱ्यांना रेडिओच्या सगळ्या सामानापेक्षा जास्त पैसे पडले. वर्गणी काढली, तरुण मंडळाने गणपतीचा मांडव एक वर्ष लहान केला. एकेक बॅटरी पन्नास किलोच्या पुढची, चार-चार जणांनी डोलीसारखी खांद्यावरून वर नेली. स्वस्त रिपीटर करणाराला माझे सांगणे एवढेच की, कान जुना चालेल, तोंड जुने चालेल, पोट मात्र नवे घ्या.

गाडीतला संच मिनिटभर बोलून पाच मिनिटे थंड होण्यासाठी बनवलेला असतो. रिपीटरमध्ये त्याला सतत बोलावे लागते. म्हणून पंचेचाळीस वॅटचा संच असला तरी आम्ही पंधरा वॅटवर ठेवला आहे आणि पाठीवर संगणकातला जुना पंखा लावला आहे. ऐकणाऱ्याला या फरकाने काही अडत नाही. वीज पडण्याचे भय मात्र खरे. तारेच्या वाटेवर वीजरोधक आणि जमिनीत खोल पुरलेली अर्थिंग, दोन्ही हवीत. माथा खडकाळ असल्यामुळे आम्हाला तांब्याची पट्टी वीस पावले खाली माती असलेल्या घळीपर्यंत न्यावी लागली. शिवाय पेटीच्या भोकांना जाळी. पहिल्या वर्षी गांधीलमाश्यांनी आत घर केले होते.

आता कायद्याचे. हा भाग कोणी वगळून वाचू नये. परवान्याशिवाय ट्रान्समीटर बाळगणे गुन्हा आहे. मग तो चालवा की न चालवा. जुन्या बाजारात वॉकीटॉकी दिसली म्हणून उचलली, असे करू नका. विकणारा कोण, कागद कोणते, हे पहा. आमच्यासारखी यंत्रणा हौशी रेडिओच्या परवान्यात बसते. त्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम, एवढाच अभ्यास. रिपीटरला आणि त्याच्या जागेला वेगळी परवानगी काढावी लागते. आमचा अर्ज मंजूर होऊन यायला बरेच महिने लागले. काकांनी तोवर यंत्र ओसरीच्या बाहेर काढू दिले नाही. वर जे डोंगरावर नेण्याचे लिहिले ते सारे त्या कागदानंतरचे.

या परवान्यावर धंदा करता येत नाही. बाजार समितीत कांद्याला काय भाव निघाला हे मला रिपीटरवर विचारता येत नाही, आणि ट्रॅक्टर भाड्याने बोलावता येत नाही. आमच्या काही मंडळींना हे रुचले नाही. "मग उपयोग काय?" असा त्यांचा सवाल. त्यांच्यासाठी ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, परवाना न लागणारे कमी शक्तीचे मान्यताप्राप्त संच आहेत. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलायला ते पुरतात. मात्र डोंगरावर त्यांचा रिपीटर उभारायचा नसतो. आपत्तीच्या वेळी मात्र हौशी मंडळींना निरोप नेण्याची मुभा आहे, आणि आपल्याकडे त्यांनी ते काम केलेही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी रेडिओवाले लातूर भागात पोचले होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद योगायोगाने रेडिओच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या; अंदमानातल्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचवण्याचे मोठे काम त्यांच्या संचावरून झाले. त्या वेळी लहरी लांब पल्ल्याच्या होत्या, रिपीटर नव्हता. पण ऐकायला माणूस जागेवर होता, हे महत्त्वाचे.

कारण रिपीटर स्वतः काहीच करत नाही. तो फक्त पुढे सांगतो. ऐकणारा हवा. आज आमच्या खोऱ्यात अकरा परवानाधारक आहेत. त्यात एक शाळामास्तर, एक कंपाउंडर, तिघे कॉलेजची मुले आणि आमच्या थोरल्या सूनबाई. परीक्षेला त्या माझ्यापेक्षा जास्त गुणांनी पास झाल्या, हे त्या कोणाला विसरू देत नाहीत. दर गुरुवारी रात्री आठ वाजता हजेरी होते. तालुक्याच्या गावी एक औषधदुकानदार परवानाधारक आहे. तो आमचा पलीकडचा कान.

ऑगस्ट २०१९ च्या पावसात आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइल गेले. रात्री साडेदहाला वरच्या वाडीतून सूनबाईंच्या संचावर हाक आली. एका बाळंतिणीला कळा सुरू झालेल्या, मूल आडवे आल्याचे सुईणीचे म्हणणे, आणि घाटात झाड पडलेले. सूनबाईंनी तालुक्याला हाक दिली. एकदा. दोनदा. गुरुवार नव्हता. मी ओसरीवर उभा होतो. डोंगराकडे बघत होतो, जसे काही तिकडून दिसणारच आहे. तिसऱ्या हाकेला औषधदुकानदाराचा झोपाळू आवाज आला. "बोला वहिनी, ऐकतोय."

झाडाच्या पलीकडे रुग्णवाहिका उभी राहिली, अलीकडून डोली गेली. मुलगी झाली. आता ती शाळेत जाते.

यंदा मृग लागण्याआधी वर चढायचे आहे. बॅटऱ्यांत पाणी घालायचे, पेटीची जाळी बदलायची, आणि चौथ्या नंबरच्या बंबाचा सूर थोडा सरकला आहे तो जुळवायचा. काका आता चढू शकत नाहीत. ते बहिणीच्या अंगणात खुर्ची टाकून संच कानाशी धरून बसतात आणि खालूनच सांगतात, "अजून एक आटा. हं, आता सोड."